पांडावरचा आळ

जायंट पांडाविषयी एक मत इतके सर्वमान्य झाले आहे की त्याला आता कुणी पुरावा मागत नाही. ते असे: हा प्राणी उत्क्रांतीच्या बंद गल्लीत शिरला आणि तिथेच अडकला. आतडी मांसाहारी प्राण्याची आणि खातो बांबू. तोही धड पचत नाही. मादी वर्षातून दोन-तीन दिवसच माजावर येते आणि नराला तिच्यात रस नसतो. पिल्लू होते ते तळहातावर मावेल एवढे. जुळे झाले तर आई त्यातल्या एकाकडे पाठ फिरवते. असा प्राणी आज ना उद्या जाणारच. चेहरा गोंडस आहे म्हणून आपण त्याला धरून ठेवले आहे, आणि त्यासाठी जाणारा पैसा खरोखर तगू शकणाऱ्या प्रजातींच्या तोंडचा घास आहे. ब्रिटनमधले निसर्ग-कार्यक्रमांचे सादरकर्ते ख्रिस पॅकम यांनी २००९ साली हे मत जाहीरपणे मांडले होते. वन्यजीवांबद्दलची ज्यांची आस्था संशयातीत आहे अशा माणसाने ते मांडले, म्हणून त्याला वजन आहे; आणि म्हणूनच त्याला भावनेने उत्तर देऊन चालणार नाही.

आपल्या खंडन-मंडनाच्या परंपरेत पूर्वपक्ष प्रतिपक्षापेक्षाही चांगला मांडावा लागतो. तो मांडताना एक गोष्ट आधीच कबूल करतो: वर सांगितलेल्या तपशिलांपैकी बरेचसे खरे आहेत. पांडा अस्वलांच्या कुळातला आहे. डी. ड्वाइट डेव्हिस यांनी १९६४ साली त्याच्या शरीररचनेच्या अभ्यासातून हे दाखवले आणि १९८५ मध्ये स्टीफन ओब्रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेण्वीय पुराव्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. बांबूतला काष्ठतंतू पचवणारे विकर तयार करण्याची जनुके त्याच्यात नाहीत, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जनुकसंचावरून दिसले. मांसाची चव ओळखणारे एक जनुक त्याच्यात निकामी झालेले आहे, हेही त्याच वेळी कळले. खाल्लेल्या बांबूपैकी त्याच्या अंगी लागतो तो साधारण १७ टक्के. हे तपशील मी नाकारत नाही. त्यांवरून काढलेला निष्कर्ष नाकारतो.

कमी पचते एवढ्यावरून भागत नाही असे ठरत नाही. शरीराचे भागते की नाही हे जमेवर जितके अवलंबून, तितकेच खर्चावर. पांडाचा खर्च प्रत्यक्ष मोजण्याचे काम न्ये योंगगांग, वेई फूवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ते २०१५ साली 'सायन्स'मध्ये आले. खुणेचे जड अणू असलेले पाणी प्राण्याला देऊन त्याच्या शरीरातला ऊर्जेचा वापर मोजण्याची एक रीत आहे. तिने मोजल्यावर आढळले की तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याकडून जो रोजचा खर्च अपेक्षित असतो, त्याच्या जेमतेम ३८ टक्के खर्चात पांडा जगतो. यकृत, मूत्रपिंड, मेंदू हे ऊर्जा खाणारे अवयव त्याच्यात वजनाच्या मानाने लहान आहेत. थायरॉइडची संप्रेरके शीतनिद्रेतल्या काळ्या अस्वलाइतकी खाली असतात, आणि ही संप्रेरके बनवण्यात भाग घेणाऱ्या एका जनुकात पांडाचा म्हणून वेगळा बदल आहे. शरीरात ऊब कमी तयार होते, ती दाट केस धरून ठेवतात. शिवाय तो हालचालही कमी करतो. त्याला आळशी म्हणण्याआधी हे सगळे एकत्र पाहायला हवे. अंथरूण पाहून पाय पसरणारे असे हे शरीर आहे, आणि अंथरुणाचे माप त्याने लाखो वर्षांत अचूक घेतलेले आहे.

त्याच चमूने २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, आणि माझ्या मते ती अधिक मोलाची आहे. पांडा बांबूतून नेमके काय घेतो? छिनलिंग पर्वतातल्या फोपिंग अभयारण्यातल्या पांडांच्या आहाराचे विश्लेषण केले तेव्हा त्यांच्या ऊर्जेचा सुमारे अर्धा वाटा प्रथिनांतून येतो असे निघाले. हे प्रमाण शाकाहारी प्राण्यांचे नाही. लांडगा, मांजर अशा मांसभक्षकांच्या रांगेतले आहे. याचा अर्थ असा की आतड्यांत आणि आहारात जी भयंकर विसंगती आपल्याला दिसते, ती पोषणाच्या पातळीवर जवळजवळ नाहीच. पांडाने अन्न बदलले; त्याच्या पोटात जाणाऱ्या पोषणाचे प्रमाण फारसे बदलले नाही. काष्ठतंतू पचवायचा म्हणजे तो गायीसारखा पोटात दीर्घकाळ मुरवत ठेवायला हवा. पांडा ते करत नाही. कोवळे, प्रथिनयुक्त भाग निवडून तो भरपूर खातो, पेशींतला रस आणि सहज पचणारा भाग काढून घेतो आणि उरलेले काही तासांत बाहेर टाकतो. दिवसाला बारा किलोपासून अडतीस किलोपर्यंत बांबू खाण्यामागचे कारण हे आहे. दोन्ही रीती वेगळ्या आहेत. एकीचे माप दुसरीला लावले तर दुसरी अपयशी ठरणारच.

ही निवड किती बारकाईची असते ते फोपिंगमध्ये गळ्यात जीपीएस पट्टे बांधलेल्या पांडांनी दाखवले. तिथे बांबूच्या दोन जाती आहेत, एक डोंगराच्या खालच्या अंगाला आणि दुसरी उंचावर. वसंतात खालच्या बांबूला कोंब फुटतात, तेव्हा पांडा खाली असतो. या कोंबांत नत्र आणि स्फुरद भरपूर, पण कॅल्शियम कमी. ते कोंब जून झाले की तो वर चढतो, कारण वरच्या बांबूला कोंब उशिरा फुटतात. तेही जून झाल्यावर तो त्याच बांबूच्या पानांकडे वळतो, आणि पानांत कॅल्शियम असते. मग पिल्लाच्या जन्माच्या सुमारास माद्या पुन्हा खाली उतरतात. गर्भाची वाढ, दूध, पिल्लाची हाडे या सगळ्याचा मेळ या चढउताराशी लागतो. फलित अंड गर्भाशयात रुजायला उशीर होणे, हे जे पांडाच्या प्रजननाचे वैचित्र्य म्हणून सांगितले जाते, तेही या वेळापत्रकाच्या उजेडात वेगळे दिसते. ज्या प्राण्याबद्दल तो एकच गवत चघळत बसतो असे आपण म्हणतो, तो वर्षभर पोषणाचा हिशेब सांभाळत डोंगर चढतो-उतरतो आहे. त्याला हवा असतो तो अख्खा डोंगर, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. हे वाक्य पुढे कामाला येणार आहे.

वयाचा मुद्दा थोडक्यात उरकता येईल. युन्नान प्रांतातल्या झाओथोंगजवळ पांडाच्या पूर्वजाचे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आणि त्यांत मनगटातल्या हाडाचा तो प्रसिद्ध खोटा अंगठाही होता. हा शोध २०२२ साली प्रसिद्ध झाला. बांबू धरण्याची ही सोय इतकी जुनी आहे. आजच्या पांडात ते हाड पूर्वजापेक्षा आखूड आणि टोकाशी आत वळलेले आहे, कारण त्याच पंजावर शंभर किलोंचे वजन घेऊन चालायचेही असते. साठ लाख वर्षे टिकलेल्या, मधल्या काळात सुधारत गेलेल्या आणि हिमयुगांच्या चढउतारांतून पार पडलेल्या जीवनरीतीला बंद गल्ली म्हणायचे असेल, तर आपल्या स्वतःच्या प्रजातीबद्दल, जिचे वय तीन लाख वर्षांच्या आसपास आहे, आपण काय म्हणणार?

इथे पूर्वपक्षाला मदत करणारा एक पुरावा मीच पुढे ठेवतो. २०१९ साली प्राचीन पांडांच्या हाडांतल्या समस्थानिकांचा अभ्यास झाला. त्यावरून दिसते की काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत पांडांचा आहार आणि अधिवास आजच्यापेक्षा बराच विस्तृत होता. निव्वळ बांबूवर आणि उंच डोंगरांतल्या जंगलावर ते अलीकडे आले असावेत. मग साठ लाख वर्षांचा दावा कोसळतो का? माझ्या मते नाही. खोटा अंगठा, दळणारे रुंद दात, निकामी झालेले चवीचे जनुक हे सगळे बांबूशी असलेले नाते जुने असल्याचेच सांगतात. नवा पुरावा एवढेच सांगतो की या नात्यात पूर्वी अधिक मोकळीक होती. ती मोकळीक कुणी काढून घेतली, हा प्रश्न त्यातून उभा राहतो, आणि पूर्वपक्षाला तो सोयीचा नाही. दक्षिण आणि पूर्व चीनच्या सखल भागांत, उत्तर व्हिएतनाममध्ये, म्यानमारमध्ये पांडाचे जीवाश्म मिळतात. तिथे आज शेते आणि शहरे आहेत.

आता प्रजनन. लोकांच्या मनात पांडाची प्रतिमा ज्यातून घडली तो प्रसंग बहुधा १९६६ सालचा आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातली ची-ची ही मादी मॉस्कोला आन-आन या नराकडे नेली गेली. वृत्तपत्रांनी तो विवाहच करून टाकला. काही झाले नाही. १९६८ साली आन-आन लंडनला आला. तेव्हाही काही झाले नाही. ची-ची लहानपणीच पकडली गेली होती, माणसांत वाढली होती, आणि तिची ओढ नरापेक्षा रखवालदारांकडे होती. पुढे वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातल्या लिंग-लिंग या मादीला पाच पिल्ले झाली आणि एकही काही दिवसांपेक्षा जास्त जगले नाही. जगभरच्या लोकांनी पांडा पाहिला तो या पिंजऱ्यांतून, आणि पिंजऱ्यात जे दिसले ते त्याच्या स्वभावाच्या खाती मांडले गेले. माझा सगळ्यात मोठा आक्षेप या उडीवर आहे. लहानपणी आईवेगळी केलेली, माणसांत वाढलेली मादी एका अनोळखी नरासोबत बंद केली आणि ती त्याच्याजवळ गेली नाही. यातून तिच्या प्रजातीबद्दल काय कळते?

रानातला पांडा नीट पाहिला गेला तो त्यानंतर. सिच्वानमधल्या वोलोंगला हू जिन्चू यांनी १९७८ मध्ये निरीक्षण केंद्र उभारले, १९८० च्या अखेरीस जीवशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर त्यांच्यासोबत कामाला लागले. १९८५ पासून पेकिंग विद्यापीठाचे पान वेनशी आणि त्यांचे विद्यार्थी छिनलिंगमध्ये वर्षानुवर्षे राहिले. त्यांना दिसलेला प्राणी वेगळा होता. मादी माजावर येण्याच्या काळात तिच्याभोवती अनेक नर जमतात, भांडतात, ओरडतात, जखमी होतात. मादी झाडावर चढून बसते आणि खाली झुंज चालू राहते. ती एकाहून अधिक नरांशी समागम करते. नर पुढचे पाय जमिनीवर टेकून, मागचे वर उचलून झाडाच्या खोडावर शक्य तितक्या उंच मूत्राची खूण करतात, कारण वास जितका उंच, तितका तो मोठ्या नराचा. माज दोन-तीन दिवसांचा असला, तरी त्याआधी कित्येक आठवडे वासाच्या खुणांतून ओळख, स्पर्धा आणि निवड चाललेली असते. मादीला दोन-तीन वर्षांनी एक पिल्लू होते आणि ती ते वाढवते. अस्वलांच्या कुळात ही गती चारचौघांसारखी आहे.

या माहितीचा उपयोग पिंजऱ्यातही झाला. संशोधक रोनाल्ड स्वेसगुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासाचे महत्त्व ओळखून नर-मादीचे पिंजरे आलटून-पालटून वापरायला दिले, म्हणजे एकमेकांची ओळख आधी व्हावी. २०१५ साली मेगन मार्टिन-विंटल, स्वेसगुड आणि चिनी संशोधकांनी चीनमधल्या बिफेंगश्या प्रजनन केंद्रात एक साधी गोष्ट तपासली: पांडांना जोडीदार निवडू दिला तर काय होते? तोवर जोड्या ठरत होत्या त्या जनुकीय विविधतेच्या तक्त्यावरून. प्रत्येक पांडाला दोन्ही बाजूंना एकेक संभाव्य जोडीदार दिसेल अशी व्यवस्था केली आणि कल कुणाकडे आहे ते नोंदवले. दोघांचीही पसंती एकमेकांना असेल तिथे समागम आणि पिल्ले यांचे प्रमाण कितीतरी जास्त निघाले. दोघांनाही नको असेल तिथे काहीच झाले नाही. ज्याला आपण पांडाचा थंडपणा म्हणत होतो, तो नकार होता.

आणि टाकून दिलेली पिल्ले? या आळाला तर छिनलिंगमधल्या निरीक्षणांनी फारच स्पष्ट उत्तर दिले. ल्यू झी, पान वेनशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली लिहिले की पिल्लू थोडे मोठे झाल्यावर आई ते गुहेत किंवा झाडावर ठेवून चरायला जाते, कधी दिवसभर, कधी त्याहूनही अधिक. ती परत येते. पण तोवर जंगलात पिल्लू एकटे दिसले की ते अनाथ समजून उचलून आणले जाई. वाचवण्याच्या सद्हेतूने कितीतरी पिल्ले अशी जिवंत आईपासून तोडली गेली आणि त्यांच्या आईची गणना बेफिकीर मातांत झाली. नवजात पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपासचे, आंधळे, जवळजवळ केस नसलेले. आई ते पहिले काही दिवस अंगावरून खाली ठेवत नाही, गुहेबाहेर पडत नाही, खात नाही. जुळ्यांपैकी एकच ती वाढवते, हे खरे आहे. ३८ टक्के खर्चात जगणाऱ्या शरीराला दोन पिल्लांचे दूध झेपणार नाही, हा तिचा निर्णय तिच्या आहाराशी सुसंगत आहे. चीनच्या प्रजनन केंद्रांत नव्वदच्या दशकात पिल्ले आलटून-पालटून आईकडे देण्याची युक्ती काढली, तेव्हा तीच आई दोन्ही पिल्ले वाढवू लागली. तिच्यात मातृत्वाची उणीव नव्हती, दुसऱ्या पिल्लासाठी लागणारे बळ कमी पडत होते.

सावकाश प्रजननावरून एखाद्या प्रजातीचे भविष्य सांगता येते, हा समज आपल्याकडे तरी टिकायला नको होता. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. तशीच ती युगानुयुगे घालत आली आणि भारतीय आकाशात गिधाडांची उणीव कधी नव्हती. नव्वदच्या दशकात ती कोसळली, कारण गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडांत गेले. एका अंड्यावर बोट ठेवून कुणी गिधाडांना उत्क्रांतीची चूक म्हटले असते, तर या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावरची २००६ ची बंदी कधीच आली नसती. सावकाश प्रजनन हा आजार नाही. मात्र बाहेरून घाव बसला तर तो भरून निघायला वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

पांडावर घाव कुणी घातला याचे उत्तर त्याच्या जनुकांतूनही मिळाले. २०१३ साली ३४ रानटी पांडांच्या संपूर्ण जनुकसंचांवरून त्यांच्या लोकसंख्येचा लाखो वर्षांचा आलेख काढण्यात आला. जुने चढउतार हवामानाशी जुळतात. शेवटची मोठी घसरण आणि मिनशान डोंगररांगेतल्या पांडांची इतरांपासून झालेली फारकत मात्र गेल्या तीनेक हजार वर्षांतली आहे, आणि तिचा संबंध संशोधक माणसाच्या वावराशी लावतात. एवढे होऊनही पांडाच्या जनुकसंचातली विविधता समाधानकारक आहे. २०१० च्या पहिल्या अभ्यासात एकाच मादीच्या जनुकसंचाच्या दोन प्रतींमधली भिन्नता माणसाच्या जवळपास दुप्पट निघाली होती. स्वतःच्या ओझ्याखाली मोडत चाललेल्या वंशाचे हे लक्षण नव्हे. वेई फूवेन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली हे सगळे पुरावे एकत्र करून एक निबंध लिहिला आणि पांडा बंद गल्लीत नाही हे त्याच्या शीर्षकातच नोंदवले. तो निबंध संशोधकांच्या वर्तुळाबाहेर फारसा गेला नाही, याची मला खंत वाटते.

१९७५-७६ ची गोष्ट पूर्वपक्ष हमखास सांगतो. मिनशानमध्ये बांबूला एकाच वेळी फुलोरा आला, बांबू वाळून गेला आणि १३८ पांडांचे मृतदेह सापडले. एकाच अन्नावर अवलंबून राहण्याची ही शिक्षा, असे म्हटले जाते. पण बांबू फुलतो आणि मरतो हे पांडाच्या दृष्टीने नवे नाही. लाखो वर्षांत असे फुलोरे कितीतरी येऊन गेले. त्या डोंगरावर बांबूच्या अनेक जाती वेगवेगळ्या उंचीवर असतात आणि सगळ्या एकाच वर्षी फुलत नाहीत. एक गेली की दुसरीकडे जायचे, हाच तर फोपिंगच्या पांडांचा वार्षिक रिवाज. १९८३ मध्ये वोलोंगच्या परिसरात फुलोरा आला तेव्हा शॅलर यांना तिथल्या पांडांनी दुसऱ्या बांबूकडे वळून निभावलेले दिसले, आणि उपासमारीच्या भीतीने त्यांना पकडून नेण्याला त्यांनी विरोध केला. जिथे डोंगराचा खालचा भाग शेतीत गेला आणि वरचा तोडीत, तिथे मात्र वळायला जागाच उरत नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा डोंगर म्हटले होते ते यासाठी.

उलट बाजूचा पुरावा त्याहून बोलका आहे. १९९८ च्या यांगत्से नदीच्या महापुरानंतर चीनने नैसर्गिक जंगलांतली व्यापारी तोड थांबवली, त्यानंतर उतारावरची शेती मागे घेऊन झाडे लावण्याचा कार्यक्रम आला. अभयारण्यांची संख्या ६७ वर गेली. १९८० च्या दशकातल्या गणनेत १११४ रानटी पांडा मोजले गेले होते, २०००च्या सुमाराला १५९६ आणि २०११ ते २०१४ च्या गणनेत १८६४. मोजण्याच्या पद्धती बदलत गेल्या, त्यामुळे हे आकडे एकमेकांशी काटेकोरपणे ताडता येत नाहीत; पण घसरण थांबली आणि वाढ झाली, एवढे ठामपणे म्हणता येते. २०१६ साली आंतरराष्ट्रीय यादीत पांडा 'संकटग्रस्त' वर्गातून 'असुरक्षित' वर्गात आला. कुऱ्हाड थांबली आणि पांडा वाढले. त्याच्या आतड्यांत, माजात किंवा पिल्लांच्या वजनात या काळात काहीही बदल झाला नव्हता.

पैशाचा प्रश्न उरतो, आणि इथे पूर्वपक्षाचे काही देणे मला मान्य करायला हवे. पांडासाठी राखलेल्या जंगलांत सोनेरी माकडे आहेत, ताकिन आहेत, तिथल्याच म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक पक्ष्यांचे घर आहे; चीनमध्येच आढळणाऱ्या जंगलवासी सस्तन प्राण्यांपैकी आणि पक्ष्यांपैकी ७० टक्के प्रजातींचे प्रदेश पांडाच्या प्रदेशावर येतात, असे २०१६ च्या एका अभ्यासात निघाले. २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासाने या जंगलांतून मिळणारे पाणी, माती, इतर सेवा यांचे मोल संवर्धनावरच्या खर्चाच्या १० ते २७ पट मांडले. म्हणजे खर्च पांडाच्या चेहऱ्यावर होतो आणि मिळकत डोंगराची होते. परंतु २०२० साली आलेला एक निबंध या समाधानाला तडा देतो. पांडाच्या अभयारण्यांतून बिबळ्या, रानकुत्रा, लांडगा मोठ्या प्रमाणावर नाहीसे झाले आहेत. रानकुत्रा तर ९५ टक्के ठिकाणांहून. पांडाला पुरणारे जंगल त्यांना पुरत नाही. त्यांची गरज मोठ्या सलग प्रदेशाची, आणि पांडासाठी केलेली आखणी तेवढी मोठी नव्हती. हा दोष गंभीर आहे. मात्र त्यावरचा इलाज पांडाचे जंगल सोडून देणे हा असू शकत नाही. ते मोठे करणे आणि जोडणे हा आहे. २०२१ मध्ये सिच्वान, शान्शी आणि गान्सू या तीन प्रांतांत पसरलेले, सुमारे २२,००० चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले ते याच दिशेने.

पांडाला नालायक ठरवणाऱ्या मताचे एक जुळे भावंड आहे, आणि ते दिसायला उलटे आहे. प्रजनन केंद्रांत आता सातशेहून अधिक पांडा आहेत, दरवर्षी पिल्ले होतात, तेव्हा प्रश्न सुटला, असे ते म्हणते. दोन्ही मतांचे मूळ एकच: समस्या पांडाच्या शरीरात आहे हे गृहीत. एकाने म्हणून त्याला सोडून दिले, दुसऱ्याने प्रयोगशाळेत दुरुस्त करून टाकले. जंगलाकडे दोघांचीही पाठ आहे. केंद्रांतले काम मी कमी लेखत नाही. रोगांबद्दलचे ज्ञान तिथेच मिळाले. २०१४-१५ च्या हिवाळ्यात शान्शीतल्या एका केंद्रात कुत्र्यांच्या डिस्टेंपरने पाच पांडा मेले, आणि लस टोचलेले वाचले. रानात तपासलेल्या मृत पांडांत एका जंताच्या अळ्यांचा प्रादुर्भाव मोठे कारण म्हणून पुढे आला आहे. गावातली कुत्री जिथे जंगलात फिरतात तिथे या माहितीवर रानटी पांडांचे आयुष्य अवलंबून आहे. पण सातशे पांडा पिंजऱ्यात असणे आणि सातशे डोंगरात असणे यांत काय अंतर आहे ते श्यांग-श्यांगने दाखवले. केंद्रात वाढलेला हा नर २००६ मध्ये सोडला गेला आणि रानटी पांडांशी झालेल्या झुंजीनंतर वर्षभरातच मेला.

आजचा खरा धोका आकड्यांच्या बेरजेत लपतो. १८६४ पांडा एका ठिकाणी नाहीत. २०११ ते २०१४ च्या गणनेनुसार ते ३३ तुकड्यांत विभागले आहेत आणि त्यांतल्या १८ तुकड्यांत दहापेक्षा कमी प्राणी आहेत. २०१७ साली उपग्रहाच्या छायाचित्रांवरून झालेल्या अभ्यासात पांडाचे अधिवास क्षेत्र १९८८ च्या तुलनेत किंचित कमीच निघाले, आणि रस्त्यांनी त्याचे अधिक तुकडे केलेले दिसले. दहा पांडांच्या तुकडीत नर-मादीला पसंतीचा जोडीदार मिळणे कठीण; एक वाईट साल, एक साथ, आणि ती तुकडी संपते. हवामान तापत गेले तर बांबूला वर सरकावे लागेल आणि डोंगराला माथ्यापलीकडे उंची नसते. या धोक्यावर उत्तर शोधणारे संशोधन आज सर्वाधिक महत्त्वाचे आहे: कोणत्या खिंडीतून पांडा ये-जा करतात, विष्ठेतल्या डीएनएवरून कोण कुणाचा वंशज आहे, कुठला रस्ता बोगद्यात घालता येईल, कुठे बांबू लावला तर दोन तुकड्या जोडल्या जातील.

श्याओश्यांगलिंग डोंगररांगेत तीसेक पांडांची अशीच एक तुटलेली वस्ती आहे. २००९ साली लुश्यीन नावाची मादी दुसऱ्या डोंगरात आजारी अवस्थेत सापडली. तिच्यावर उपचार करून तिला श्याओश्यांगलिंगमधल्या लिझिपिंग अभयारण्यात सोडले गेले. ती रानात वाढलेली होती, वासाच्या खुणा वाचायला तिला कुणी शिकवावे लागले नाही. २०१२ मध्ये तिने तिथे पिल्लाला जन्म दिला. त्याच वर्षी केंद्रात जन्मलेला, पण आईजवळ रानासारख्या कुंपणात आणि माणसांचा चेहरा न पाहता वाढवलेला ताओ-ताओ तिथेच सोडला गेला, आणि तो जगला.